बोर्डाची उघडी कड

[दृश्य: मातीतून उपसलेला सेन्सर, हिरवटलेली तांब्याची टोकं, अगदी जवळून]

जमिनीतली ओल मोजणारा हा रेझिस्टिव्ह सेन्सर, म्हणजे मातीच्या विद्युतरोधावरून ओल सांगणारा. दोन टोकांमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट मातीतून जातो. ठिबकातून आलेल्या विद्राव्य खतांचे क्षार ओलीत असतातच. आधी मुलामा जातो, मग धन टोकाचं तांबं विरघळत जातं. ओल असूनही आकडा कोरडा येतो, आणि ठिबक नको तेव्हा सुरू राहतं.

[दृश्य: काळी कपॅसिटिव्ह पट्टी मातीत खोचताना]

इथे तांबं सोल्डर मास्कखाली, म्हणजे बोर्डावरच्या संरक्षक थराखाली, झाकलेलं असतं. मोजायची असते धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता. ती आजूबाजूच्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरते: पाण्याचा सुमारे 80, कोरड्या मातीचा 3 ते 5. ओल वाढली की धारकता वाढते.

[दृश्य: भिंगाखाली बोर्डाची कापलेली कड]

पण या कडेकडे नीट बघा. पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, कापला की काचेच्या तंतूंची टोकं उघडी पडतात आणि दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून घेतात. तांबं कडेला चिकटून असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून लेआउट करतानाच तांब्याच्या दोन्ही पट्ट्या, ग्राउंडची (सर्किटच्या ऋण बाजूची) सुद्धा, कडेपासून निदान 1 मिलिमीटर आत घ्यायच्या. बोर्ड हातात आला की कड बारीक पॉलिश पेपरने घासायची, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची आणि बोर्ड 60 अंशांवर दोन तास सुकवायचा. आत ओल राहिली तर इपॉक्सी ती आतच कोंडते. मग कडेवर इपॉक्सीचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

सपाट भागावर मात्र लेप पातळच हवा. लेपाची धारकता मातीच्या धारकतेला सिरीजमध्ये जोडली जाते. लेप जाड झाला की सेन्सरला ओलीतला फरक कमी कळतो.

वरच्या 555 आयसीवर, म्हणजे सेन्सरच्या टायमर चिपवर, आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवायची, वायर बाहेर पडते ती जागाही त्यात झाकून.

[दृश्य: काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी, मल्टिमीटर]

आता परीक्षा. वीज काढून फक्त लेप दिलेला भाग बुडवायचा. मल्टिमीटर सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर. एक प्रोब पाण्यात, दुसरा आधी ग्राउंडला, मग दुसऱ्या पट्टीला. आकडा आला तर लेपात छिद्र आहे. रात्रभर तसंच बुडवून सकाळी पुन्हा बघायचं. कडेची गळती बहुधा तेव्हाच कळते.

[दृश्य: भेगाळलेली काळी जमीन]

काळी जमीन वाळली की पट्टीपासून सुटते. मध्ये हवा शिरते, तिचा स्थिरांक 1. त्याच मातीचा चिखल करून पट्टीभोवती दाबून भरायचा. कॅलिब्रेशनही त्याच मातीत: ओला नमुना तोलायचा, 105 अंशांवर 24 तास वाळवायचा, पुन्हा तोलायचा. वजनातली घट म्हणजे पाणी; सेन्सरचा आकडा त्याच्याशी जुळवायचा.