म्युनिकचं ऑलिम्पिक पार्क: जाळीवर ताणलेलं छत

[दृश्य: टेकडीच्या माथ्यावरून तळं, छत आणि मनोरा]

आपण उभे आहोत ती टेकडी पडलेल्या घरांची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीनंतर म्युनिकमध्ये जो राडारोडा उरला, तो शहराच्या उत्तरेला ओबरवीझनफेल्डच्या माळावर आणून ओतला. या माळावर पूर्वी लष्कराची कवायत चाले, पुढे विमानं उतरू लागली. 1966 मध्ये शहराला 1972 चं ऑलिम्पिक मिळालं तेव्हा इथे मुख्यतः सपाट जमीन आणि कडेला हा ढिगारा होता. वास्तुरचनाकार ग्युंटर बेनिश आणि उद्यानरचनाकार ग्युंटर ग्रझिमेक यांनी ढिगारा हलवला नाही. त्यालाच उतार दिले, वर माती चढवून गवत लावलं, आणि जवळून वाहणारा नुम्फेनबुर्गचा कालवा अडवून पायथ्याशी तळं केलं.

जर्मनीत याआधीचं ऑलिम्पिक 1936 चं, बर्लिनमधलं, हिटलरच्या राजवटीतलं. त्या दगडी भव्यतेची सावलीसुद्धा इथे नको होती. म्हणून संचलनाचा सरळसोट रस्ता नाही, मोठी कमान नाही, वाटा वळणावळणाच्या. मुख्य वाटांना लिंडेनची झाडं, तळ्याकाठी विलो. गवतावर चालू नये अशी पाटी लावायची नाही, हे ग्रझिमेकनी आधीच ठरवलं होतं. लोक जिथून तुडवत जातील तिथे वाट पडू द्यायची. आपल्याकडच्या उद्यानांच्या शिट्ट्या आठवल्या तर हा निर्णय किती मोठा ते कळतं.

[दृश्य: स्टेडियमचं प्रवेशद्वार, कॅमेरा आत जातो]

बाहेरून स्टेडियम उंच दिसत नाही, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीत आहे. तुम्ही सपाट वाटेनं आत येता आणि बैठका पायांखालून खाली उतरत जातात. जिना चढावा लागत नाही. जवळपास 70 हजार माणसं आत घेणं आणि बाहेर सोडणं यामुळे सोपं होतं.

आता वर पाहा.

[दृश्य: छत, खालून, मग जाळीची गाठ जवळून]

स्टेडियम, क्रीडागृह आणि जलतरण तलाव मिळून हे छत सुमारे 74,800 चौरस मीटर भरतं. आराखड्यांच्या स्पर्धेसाठी केलेल्या नमुन्यात बेनिशच्या चमूनं काड्यांवर बायकांचे पातळ लांब मोजे ताणले होते. ते दिसायला सुंदर होतं, पण प्रत्यक्षात उभं कसं करायचं? वास्तुरचनाकार फ्राय ओटो यांनी 1967 मध्ये माँट्रियलच्या प्रदर्शनात जर्मनीचा मंडप दोरखंडांच्या जाळीवर ताणून उभा केला होता. पण तो त्या मानानं लहान आणि तात्पुरता. इथे तेच तंत्र कितीतरी मोठ्या आकारात आणि कायमसाठी हवं होतं, म्हणून ओटोंनाही सोबत घेतलं.

पोलादी तारांची ही जाळी सपाट पसरली तर तिची सगळी घरं 75 सेंटीमीटरचे चौकोन असतात. दोन तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ही चिमटी. ती घट्ट धरते, पण तारांना एकमेकींभोवती फिरू देते. जाळी वर ओढली की चौकोन तिरके होतात, शंकरपाळ्यासारखे, आणि सपाट जाळीला खोगिराचा बाक येतो. एका दिशेनं बाक वर, आडव्या दिशेनं खाली. दोन्हीकडून ताण असल्यामुळे वाऱ्यानं छत फडफडत नाही.

यातली खरी अडचण मापांची. तार जागेवर आणल्यावर कापून चालत नाही. प्रत्येक तारेची लांबी आधीच ठरवावी लागते, आणि ती चुकली तर जाळी एका जागी सैल पडते, दुसऱ्या जागी जास्त ताणते. ओटोंच्या नमुन्यांवरून फोटो काढून मापं घेतली, पण एवढ्या मोठ्या छताला ती पुरेशी अचूक नव्हती. मग श्टुटगार्टचे अभियंते क्लाउस लिंकविट्झ आणि जॉन आर्गिरिस यांनी संगणकावर हिशेब मांडले. 1970 च्या आसपासचे संगणक, हे लक्षात घ्या.

मैदानावर लोंबणारी ही जाड कड पाहा. छताचा मोठा ताण इथे गोळा होतो आणि दोन्ही टोकांना जमिनीत जातो. घराचा पाया ओझं पेलतो. इथला पाया उपटून निघू नये म्हणून बांधलाय, त्यामुळेच तो इतका अवजड. मागचे कलते खांब 80 मीटरच्या घरात आहेत, आणि तारांनी लोंबकळणारं छत त्यांनी पेललंय. मैदानाच्या बाजूला एकही खांब नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यांआड काही येत नाही.

वरचे पारदर्शक तक्ते काचेचे नाहीत, ॲक्रिलिकचे आहेत. एकेक साधारण तीन मीटर लांबरुंद, जाडी अवघी 4 मिलिमीटर. पारदर्शक का? रंगीत दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसाठी. अपारदर्शक छताची गडद सावली अर्ध्या मैदानावर पडली असती आणि तेव्हाच्या कॅमेऱ्यांना ऊन आणि सावली एकाच चौकटीत झेपत नव्हती. जाळी सतत हलते, म्हणून तक्ते तिच्यावर रबरी आधारांवर बसवले आणि मधल्या फटींत निओप्रीन या कृत्रिम रबराच्या लवचिक पट्ट्या भरल्या. उन्हातान्हात आधी म्हातारे होतात ते हे तक्ते आणि पट्ट्या. पोलाद टिकतं, वरचं बदलावं लागतं. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट गेला, आणि त्यावरून वाद झाले.

[दृश्य: छतावर चालणारे पर्यटक, कमरेला पट्टा]

उन्हाळी महिन्यांत मार्गदर्शकासोबत छतावर चढता येतं. कमरेचा पट्टा तारेला अडकवूनच चालायचं. बूट घट्ट हवेत, चप्पल चालत नाही. विजा-वादळ असेल तर फेरी रद्द. स्टेडियमच्या नूतनीकरणामुळे वेळा बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या. 1968 मध्ये उघडलेला 291 मीटरचा मनोराही 2024 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला.

यायचं यू-तीन मेट्रोनं, ओलिम्पियात्सेंट्रुम स्थानकावर. फुटबॉलप्रेमी इथेच हमखास चुकतात. 1974 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना या मैदानावर झाला हे खरं, पण बायर्न म्युनिक 2005 मध्ये इथून हललं. त्यांचं नवं मैदान शहराच्या उत्तर टोकाला आहे, यू-सहा मार्गावर. इथे प्रेक्षक आणि चेंडू यांच्यामध्ये धावपट्टी येते, फुटबॉलवाल्यांची तक्रार तीच होती.

[दृश्य: स्मारक, चेहऱ्यांची छायाचित्रं. दहा सेकंद निवेदन नाही.]

5 सप्टेंबर 1972 रोजी पहाटे ब्लॅक सप्टेंबर या पॅलेस्टिनी संघटनेचे दहशतवादी क्रीडाग्रामात शिरले. इस्रायली पथकातले 11 जण आणि एक जर्मन पोलीस मारले गेले. हे स्मारक 2017 चं.

[दृश्य: क्रीडाग्रामातली रंगवलेली छोटी घरं]

क्रीडाग्राम बांधतानाच पुढे त्याची घरं करायची ठरलं होतं. महिला खेळाडूंच्या भागात आज विद्यार्थी राहतात. जुनी घरकुलं पाडून तशीच पुन्हा बांधली, दर्शनी भिंती विद्यार्थीच रंगवतात. याच नियोजनामुळे त्या वर्षीचं पॅरालिम्पिक म्युनिकऐवजी हायडेलबर्गला गेलं. सांगलीचे मुरलीकांत पेटकर यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं ते तिथे.

[दृश्य: जलतरण तलाव, पोहणारे लोक]

मार्क स्पिट्झनं 7 सुवर्णपदकं घेतली तो तलाव मात्र इथलाच, आणि तो सार्वजनिक आहे. तिकीट काढून कोणीही पोहू शकतं. स्पर्धा असेल त्या दिवशी बंद असतो, तेवढं आधी विचारा. पोहण्याचे कपडे आणि टॉवेल घरूनच आणा.