परतीचे दोर : ‘लक्ष्य’ची बांधणी

(पुण्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कोंढाण्याची गोष्ट इथे कुणाला सांगायला नको. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र, दरवाजावर पहारा कडक, म्हणून तानाजीने कड्याची बाजू धरली. तिथून कुणी येईल असं गडावरच्यांना वाटलंच नव्हतं. घोरपडीचं काय ते इतिहासकारांवर सोडू. आपल्याला आज दोनच गोष्टी हव्या आहेत: कडा, आणि वर गेल्यावर सूर्याजीने कापलेले दोर. जून २००४मध्ये आलेला ‘लक्ष्य’ हा हिंदी चित्रपट या दोन गोष्टींवरच उभा आहे. फरक इतकाच, की जावेद अख्तरांच्या पटकथेत दोर आधी कापले जातात आणि कडा नंतर येतो.

कथा थोडक्यात. दिल्लीतल्या सुखवस्तू घरातला करण शेरगिल. दिवसभर लोळणं, मित्र, सिनेमे. पुढे काय, असं विचारलं की खांदे उडवायचे. एक मित्र सैन्यात जायचं म्हणतो म्हणून हाही म्हणतो. मित्र मागे फिरतो. वडील विरोध करतात म्हणून हा हट्टाला पेटतो. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत (आयएमए) पोचतो, शिस्त झेपत नाही, शिक्षा होते आणि तो पळून घरी येतो. वडिलांना याचं आश्चर्यसुद्धा वाटलेलं नाही, हे त्याच्या कानावर पडतं. रोमिला, त्याची मैत्रीण, त्याच्याशी नातं तोडते. हे झाले दोर. घराचा एक, प्रेमाचा एक, दोन्ही कापलेले. मग तो अकादमीत परत जातो.

परत जाताना त्याच्यापाशी कसलंही ध्येय नाही, हे नीट पाहा. देशप्रेम नाही, वर्दीची ओढ नाही. जायला दुसरी जागा उरलेली नाही, एवढंच. लोक या चित्रपटाला देशभक्तीपर म्हणून मोकळे होतात. फरहान अख्तरने दिग्दर्शक म्हणून केलेलं खरं धाडस मात्र हे आहे, की तीन तासांच्या चित्रपटात नायक सैन्यात जातो तो चुकीच्या कारणांनी, आणि परत जातो तो दुखावलेल्या अहंकारामुळे. सवय आधी लागते. अर्थ मागून येतो.

ती सवय पडद्यावर दिसते कुठे? अंगात. सुरुवातीचं ‘मैं ऐसा क्यूँ हूँ’ आठवा. प्रभुदेवाला याच गाण्याच्या नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करण झालेल्या हृतिक रोशनचे सांधे जणू एकमेकांना विचारल्याशिवाय हलतात. हात एकीकडे, मान दुसरीकडे. आता त्याच्या शेजारी कवायतीचं मैदान ठेवा. ‘तेज चल’ म्हणजे मिनिटाला १२० पावलं, प्रत्येक पाऊल ३० इंचांचं. हात खांद्याच्या उंचीपर्यंत, मूठ बंद. तिथे चुकतो कोण? ज्याला आधी बरं चालता येतं तो. त्याची चाल त्याची स्वतःची असते आणि कवायतीला नेमकी तीच नको असते. ज्या अंगात आधी ताळमेळच नव्हता, त्याच अंगाला शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळवायला लावलं जातं. संवादाचं एकही वाक्य न वापरता माणूस बदलल्याचं इतकं चोख चित्रण हिंदी चित्रपटात क्वचित झालंय.

निवडप्रक्रियेवर चित्रपट रेंगाळत नाही. पण समोर बसलेल्यांपैकी काही जण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून उठून आलेले दिसताहेत, तेव्हा ते भराभर सांगून टाकतो. करणचा रस्ता म्हणजे पदवीनंतरची सीडीएस, सैन्यात अधिकारी होण्यासाठीची लेखी परीक्षा. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते. आयएमएसाठी तीन पेपर: इंग्रजी, सामान्य ज्ञान, प्राथमिक गणित. प्रत्येकी १०० गुण आणि दोन तास, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मग एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढच्या चाचण्या-मुलाखतींचे पाच दिवस, त्यालाही ३०० गुण. पहिल्या दिवशी चाळणी. बरेचसे उमेदवार त्याच संध्याकाळी गाडी पकडतात.

या पाच दिवसांतली एक चाचणी पटकथा लिहिणाऱ्यांनीही बघावी अशी आहे. टीएटी तिचं नाव. धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी ११ चित्रं, बारावी पाटी कोरी. गोष्टीत तीन गोष्टी याव्या लागतात: इथवर काय घडलं, आत्ता काय चाललंय, शेवट काय होतो. घोटाळा होतो तो क्लासमधून पाठ केलेल्या गोष्टींमुळे. प्रत्येक चित्रात नायक गाव दत्तक घेतो, पूर थोपवतो, बक्षीस मिळवतो. पण लगेच पुढे ६० शब्द येतात, प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं, आणि मग ६० प्रसंग, त्यांत तुम्ही काय कराल ते ३० मिनिटांत. त्या घाईत पाठांतर उपयोगी पडत नाही. खरा माणूस बाहेर येतो आणि तो मघाच्या गोष्टीतल्या नायकाशी जुळत नाही. मानसशास्त्रज्ञ नेमकी ती विसंगती पकडतो. करणसारखा मुलगा, ज्याच्या उत्तरांतून हेतूच दिसत नाही, तो इथून पार होईल का? अवघड आहे. पटकथेने इथे सूट घेतलीय, आणि ती घेतली नसती तर चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात संपला असता.

पदवीधरांचं आयएमएतलं प्रशिक्षण १८ महिन्यांचं. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आलेल्यांना तिथे एकच वर्ष, कारण तीन वर्षं ते आपल्या खडकवासल्याला घासून निघालेले असतात. शिक्षेला दोन्हीकडे शब्द एकच, रगडा. कोलांट्या, रांगणं, सामानासकट पळणं. रगड्याचा हेतू छळणं असा समज आहे. प्रत्यक्षात त्यात झोप, वेळ आणि एकटेपण या तीन गोष्टी काढून घेतल्या जातात. शेजारच्याच्या मदतीशिवाय दिवस निभतच नाही. करण पळतो तो याच टप्प्यावर, आणि ते पटतं. शेवटी चेटवुड इमारतीच्या पायऱ्यांवर ‘अंतिम पग’ ओलांडला की मुलगा अधिकारी झाला.

हे १८ महिने किती कमी पडतात किंवा किती पुरतात, याचा खरा हिशोब १९९९च्या कारगिल युद्धाने दिला. कॅप्टन विक्रम बत्रा याच सीडीएसच्या वाटेने आयएमएत गेले आणि डिसेंबर १९९७मध्ये अधिकारी झाले. कॅप्टन मनोज पांडे खडकवासल्याच्या एनडीएतून आलेले. दोघांना मरणोत्तर परमवीरचक्र, आणि दोघांचंही वय तेव्हा २४. चित्रपटातला लेफ्टनंट करण त्याच पिढीतला म्हणून लिहिलाय.

चित्रपटात करणच्या बटालियनचा प्रमुख कर्नल सुनील दामले. हे आडनाव आल्यावर पुण्यात हशा पिकणारच. अमिताभ बच्चन यांनी त्याला मराठी वळण दिलेलं नाही, आणि बरंच केलं.

आता कडा. चित्रपटातलं शिखर आहे पॉइंट ५१७९. नाव काल्पनिक, पण पद्धत खरी: नकाशावर ज्या शिखराला नाव नाही त्याला मीटरमधली उंचीच नाव म्हणून देतात. पॉइंट ४८७५, पॉइंट ५१४० ही कारगिलमधली खरी नावं अशीच. ५१७९ मीटर म्हणजे जवळपास १७,००० फूट. सिंहगडाची उंची साधारण १,३१२ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. ५१७९वर तो निम्म्याच्या जरा वर. सिंहगडाच्या वाटेवर टेकीस येणाऱ्यांनी मनातल्या मनात हिशोब करावा.

पहिला हल्ला समोरून होतो आणि फसतो. तो का फसतो, हे सैनिकी शास्त्रात जुनंच आहे. सपाटीवर बचाव करणाऱ्या एकामागे हल्ल्याला तीन लागतात असा ठोकताळा. डोंगरात तेच प्रमाण सहा, नऊ, त्याहूनही वर जातं. वरचा माणूस दगडांच्या मोर्च्यात बसून खालचा उघडा उतार बघत असतो. आडोसा नाही, झाड नाही. अंगावरच्या ओझ्याने चढणारा दर काही पावलांना थांबतो, आणि थांबलेला माणूस हे सोपं लक्ष्य. म्हणूनच कारगिलमध्ये हल्ले बहुतेक रात्री झाले आणि त्याआधी बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफांनी शिखरं भाजून काढली.

उरतो मागचा कडा. हेही कल्पनेतलं नाही. टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्स या बटालियनची ‘घातक’ नावाची निवडक तुकडी अशाच उभ्या बाजूने दोर लावून चढली. परमवीरचक्र मिळालेले योगेंद्रसिंह यादव तेव्हा १९ वर्षांचे होते.

सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांना पुढचा हिशोब आवडेल. समजा कडा १,००० फुटांचा, म्हणजे सुमारे ३०५ मीटर. ५० मीटरचे दोर धरले तर कागदावरच सहा थोडे कमी पडतात, सात लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण दोर संपतो तिथे पाय ठेवायला जागा आणि मेख ठोकायला भेग असेलच असं नाही. एका दोराचं वजन साडेतीन-चार किलो. सातच दोर धरले तरी सुमारे २६ किलो, आणि बंदुका, गोळ्या, पाणी अजून हिशोबात यायचंच आहे. लीड करणारा आधी चढतो, दोर बांधतो, बाकीचे त्या दोरावर जुमार (दोरावर वर सरकणारी पकड) लावून येतात. एका वेळी एका टप्प्यावर एकच माणूस. म्हणजे तुकडी जितकी मोठी तितकी रात्र तोकडी. निवडक माणसं घेण्याचं कारण शौर्याच्या आधी हे आहे. बिघडतं कुठे? मेखेवर हातोडा पडला की आवाज दरीत घुमतो. सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. हातमोजे घातले तर गाठ बसत नाही, काढले तर बोटं बधिर होतात. बाटलीतलं पाणी गोठतं. पडद्यावर यातलं निम्मं दिसतं, आणि तेवढं दिसणंही आपल्याकडे नवलाचं होतं.

चित्रपट जिथे घसरतो ती जागा वेगळीच आहे. करण सुट्टीवर दिल्लीला येतो आणि युद्धाची बातमी लागताच परत जातो. सैन्यात उंचीवर जाताना शरीराला सवय करण्याचे टप्पे ठरलेले आहेत: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,०००पर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. एकूण १४. काही आठवडे खाली राहून आलेल्याला पुन्हा टप्प्यांनीच चढवावं लागतं, कारण शरीर मिळवलेली सवय लवकर विसरतं. घाई केली तर फुप्फुसात पाणी भरतं. आधी कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, मग गुलाबी फेस. मुख्य उपाय, ऑक्सिजन लावून ताबडतोब खाली आणणं. धडधाकट, तरुण आणि उत्साही माणसाला याचा धोका कमी असतो, हा गैरसमज. तोच जास्त वेगाने चढतो. करणची धाप पटकथेला परवडणारी नव्हती, म्हणून ती गाळली.

एक जागा मात्र पटकथेने अचूक साधलीय. शेवटच्या चढाईला निघण्याआधी करण वडिलांना फोन करतो. बोमन इराणी तिकडून बोलताना अडखळतात. दोघांनाही नीट बोलता येत नाही. हाच प्रसंग विजयानंतर ठेवता आला असता, आणि बहुतेक लेखकांनी तसाच ठेवला असता. पण तेव्हा तो बक्षीस समारंभ झाला असता: मुलगा जिंकला म्हणून बापाने स्वीकारला. इथे शिखर अजून शत्रूच्या हातात आहे आणि मुलगा परत येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. कापलेला एक दोर पुन्हा बांधला जातो तो अशा वेळी, आणि मग करण खाली न बघता चढायला लागतो.