मॅगझिनच्या दोन कडा

वेग कमी करून दाखवलेले हे दृश्य नीट पाहावे. मागे गेलेली पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुढे येते, मॅगझिनमधील, म्हणजे काडतुसांच्या पेटीतील, सर्वांत वरच्या काडतुसाला मागून ढकलते आणि ते काडतूस पत्र्याच्या दोन वळवलेल्या कडांखालून निसटून चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या जागेकडे, चढते. ते नेमके केव्हा सुटावे आणि त्याचे टोक किती वर असावे, हे बहुतांशी या दोन कडाच ठरवतात. पिस्तूल कितीही उत्तम असले, तरी या कडांतील चूक ते भरून काढू शकत नाही.

त्यामुळे मूळ कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाचे मॅगझिन घेताना शिक्क्यापेक्षा घडण तपासली पाहिजे. येथे पोलादी पत्रा दाबाखाली वळतो आहे, सांधा जोडला जातो आहे आणि पुढे भट्टीत त्याला पाणी दिले जाईल. पत्रा मऊ राहिला, तर मॅगझिन जमिनीवर पडताच कडा फाकतात; प्रमाणाबाहेर कठीण झाला, तर त्यांना तडा जातो. ही कसर बाहेरून दिसत नाही, आणि स्वस्त मालात नेमकी येथेच काटकसर होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता स्प्रिंग. स्लाइड मागे जाऊन परत येईपर्यंतच्या निमिषात तिने काडतुसांची संपूर्ण चळत वर उचलायची असते. ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाचे मूळ मॅगझिन सात काडतुसांचे होते. त्याच लांबीत आठवे बसवायचे, तर स्प्रिंग आणि तिच्यावरील फॉलोअर, म्हणजे काडतुसांना खालून उचलणारा तुकडा, यांची जागा आकसते. वाढीव क्षमतेचे आकर्षण असणाऱ्यांनी ही तडजोड समजून घ्यावी.

बाहेरचे ते सारे वाईट, असा मात्र याचा अर्थ नव्हे. इटलीतील मेक-गार ही कंपनी अनेक नामवंत पिस्तूल उत्पादकांना मॅगझिन पुरवते आणि स्वतःच्या नावानेही विकते. उलट, इराक युद्धात अमेरिकी सैन्याच्या एम९ पिस्तुलांसाठी कंत्राटातून आलेल्या काही मॅगझिनांच्या खडबडीत फॉस्फेट लेपावर बारीक वाळू धरून राहिली, फॉलोअर अडखळू लागला आणि सैनिकांच्या तक्रारी आल्या. ऐनवेळी अडकलेले पिस्तूल जिवावर बेतू शकते.

शेवटच्या दृश्यात नेमबाज प्रत्येक मॅगझिनच्या तळाशी क्रमांक लिहीत आहेत. एकाच क्रमांकाशी पुन्हापुन्हा अडथळा आला, तर दोष पिस्तुलाचा नसून त्या मॅगझिनचा असण्याची शक्यता अधिक असते, आणि ते सरावापुरतेही वापरात ठेवू नये.