पत्रातून पाठवलेली कविता

भिंतीवर एक फलक आहे. त्यावर चिकटवलेला कागद, कागदावर कविता, आणि कवितेत मधेमधे रिकाम्या जागा. हवा तो शब्द सापडेपर्यंत त्या तशाच राहणार, मग दहा वर्षं लागोत. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशप अशी लिहायची. तिचं हे चित्र आपल्याला मिळतं तिचा मित्र रॉबर्ट लोवेल याच्या कवितेत. तिची ‘द मूस’ ही कविता 1946 सालच्या एका बसप्रवासातली. पुरी झाली 1972 मध्ये! लोवेल नेमका उलटा. भराभर लिहायचा, छापायचा आणि छापलेलंही पुन्हा बदलायला घ्यायचा.

1947 साली न्यूयॉर्कमध्ये, कवी रँडल जॅरेलच्या घरी जेवणाला दोघांची ओळख झाली. मग तीस वर्षं पत्रं. ती बरीच वर्षं ब्राझीलमध्ये, तो अमेरिकेत, पुढे इंग्लंडमध्ये. पत्राबरोबर नवी कविता जायची. तिच्या ‘द आर्माडिलो’वरून त्याला ‘स्कंक अवर’ सुचली. हे ऋण त्यानं उघड सांगितलं, कविता तिला अर्पण केली. तिनं आपली त्याला. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांची पत्रं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ही ओढ मी वेगळी सांगायला नको.

पण मला बोलायचंय ते 1972 सालच्या एका पत्राबद्दल. लोवेलनं बायकोला, लेखिका एलिझाबेथ हार्डविकला, सोडलं होतं. तिनं दुखावून लिहिलेली पत्रं त्यानं आपल्या कवितांत घातली, तीही शब्द बदलून. ‘द डॉल्फिन’ या कवितासंग्रहाचं ते हस्तलिखित त्यानं बिशपकडे पाठवलं. कविता उत्तम आहेत, हे तिनं आधी मोकळेपणानं सांगितलं. आणि मग लिहिलं: ही पत्रं वापरायची परवानगी घेतलीस का? ती बदललीस कशी? कलेची एवढी किंमत नसते रे.

हे लिहिताना तिला किती जड गेलं असेल! पंचवीस वर्षांपासूनचा मित्र, तोही फार नावाजलेला. गप्प बसणं सोपं होतं. माझ्या मते तिनं त्याच्यासाठी केलेलं सगळ्यांत मोठं काम हेच. त्यानं थोडे फेरफार केले, पण 1973 मध्ये पुस्तक काढलंच. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. पत्रं मात्र थांबली नाहीत.

12 सप्टेंबर 1977 ला न्यूयॉर्कमध्ये, टॅक्सीत, लोवेल गेला. हार्डविककडेच निघाला होता. बिशपनं त्याच्यावर ‘नॉर्थ हेवन’ लिहिली. नॉर्थ हेवन या बेटावर गोल्डफिंच पक्षी परतले आहेत, चिमण्यांना त्यांचं गाणं अजून बदलता येतं, आणि तुला तुझ्या कवितांमधला एक शब्दही आता हलवता येणार नाही, असं ती त्याला सांगते. शेवटच्या ओळीत त्याला हाक मारते, ‘दुःखी मित्रा’ म्हणून.