निघालेली कॅप

श्रोतेहो, नमस्कार.

संक्रांतीनंतर आमच्या दातांच्या दवाखान्यांत कागदाच्या पुड्या येऊ लागतात. पुडीत असते दाताची कॅप. तिळाची वडी नाहीतर चिक्की खाताना निघालेली. सगळा दोष वडीवर जातो, पण नीट बसलेली कॅप वडीनं सहसा हलत नाही. आतलं सिमेंट झिजून गेलेलं असतं, कडेखालून कीड शिरलेली असते, किंवा आत दातच इतका बुटका उरलेला असतो की कॅपनं धरायचं कशाला?

कॅप निघाल्यावर आधी ती सापडली पाहिजे. तोंडातला घास थुंकून बघा. धुवायची ती वाटीत पाणी घेऊन, बेसिनच्या नळाखाली नको. जाळीतून गेली की गेलीच. मग झाकणाच्या डबीत ठेवा. कागदाची पुडी घरातलं कोणीतरी केरात टाकतं.

आता कॅपच्या आत डोकावा. पोकळ आणि स्वच्छ असेल, तर पुष्कळदा तीच पुन्हा चिकटवता येते. काम थोडं, खर्चही थोडा. आत दाताचा तुकडा अडकलेला दिसला, तर दातच मोडलाय. मग नवा विचार करावा लागतो. दोन्ही वेळी कॅप घेऊनच या.

गिळली गेली तर? बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे निघून जाते. पण ठसका लागला, खोकला थांबेना, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते. तेव्हा दाताचा दवाखाना नव्हे, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. म्हणूनच हलणारी कॅप तोंडात ठेवून झोपू नका.

लग्नकार्यात, प्रवासात असाल आणि पुढचाच दात असेल, तर कवळी चिकटवायची क्रीम मेडिकलमध्ये मिळते. दात पुसून कोरडा करा, कॅप आधी नुसतीच बसवून बघा, सरळ बसली तरच क्रीमचा ठिपका लावा. खाताना आणि झोपताना काढून ठेवा. फेविक्विक मात्र नको, कितीही मोह झाला तरी. त्यानं हिरडी भाजते, कॅप जराशी वाकडी बसली तरी तशीच घट्ट होते, आणि मग ती काढताना आम्हाला तोडावी लागते. ठणका असेल तर लवंगेचं तेल कापसाला किंचित लावून दातावर धरा, हिरडीला लागू देऊ नका. गालात दुखण्याची गोळी दाबून ठेवली की आतली कातडी पोळते. मिश्रीनं तात्पुरतं बधिर वाटतं, एवढंच.

खरा घोटाळा होतो तो न दुखणाऱ्या दाताचा. रूट कॅनाल झालेल्या दातात नस नसते, त्यामुळे तो उघडा पडला तरी गप्प राहतो. आपणही गप्प. तेवढ्यात शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, चावताना त्यावर टेकणारा समोरच्या जबड्यातला दात हळूहळू त्या जागेकडे येतो, आणि काही आठवड्यांनी डबीतली कॅप बसेनाशी होते. दात उघडा राहून किडतो किंवा चिरतो, ते वेगळंच.

याहून फसवा प्रकार ब्रिजचा. मधला दात नसला की शेजारच्या दोन दातांच्या आधारानं जोडकॅप बसवतात. एका टोकाचं सिमेंट सुटलं तरी दुसरं टोक धरून ठेवतं, म्हणून काही पडत नाही आणि काही कळत नाही. सुटलेल्या टोकाखाली लाळ आणि अन्न साचतं, दात आतून मऊ पडतो. असा ब्रिज हाती येतो तेव्हा आधाराचा दात बऱ्याचदा गेलेला असतो. खूण सांगते: चावताना त्या जागी पचपच होतं, बोटानं दाबलं की कडेला बुडबुडे येतात, तोंडाला घाण चव येते. यातलं एक जरी जाणवलं तरी दाखवून घ्या. दोन्ही टोकं तपासायला सांगा, संकोच कशाला?

खासगीत परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथं वेळ जातो, खर्च मात्र बराच कमी येतो. जाताना डबी तर न्याच, पण रूट कॅनालच्या वेळचा एक्स-रे घरात कुठे असेल तर तोही शोधा. मुळाशी काय भरलंय हे त्यात दिसतं, आणि तीच कॅप ठेवायची की नवी करायची हे ठरवणं सोपं जातं.

नमस्कार.