पट्टायातला काटा

(दृश्य: पहाट. कोल्हापुरातला मासळी बाजार. टेम्पोतून थर्माकोलची खोकी उतरतायत. बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहतंय.)

कोल्हापूरला समुद्र नाही. पंचगंगा आहे, रंकाळा आहे, पण खारं पाणी बघायचं तर घाट उतरावा लागतो. रत्नागिरीला जायला आंबा घाट. गगनबावड्यावरनं करूळ नाहीतर भुईबावडा. राधानगरीवरनं फोंडा, आजऱ्यावरनं आंबोली. माणसं ज्या वाटांनी खाली जातात, त्याच वाटांनी मासा रात्रीतून वर येतो, बर्फात निजून.

त्यामुळं कोल्हापूरकराचं माशाचं ज्ञान जरा उसनं असतं. मटणाचं तसं नाही. मटणाच्या दुकानात तो काउंटरला टेकून उभा राहतो, पालवं आहे का विचारतो, कुठला तुकडा पाहिजे ते बोटानं दाखवतो आणि मनासारखं नसेल तर पिशवी घडी घालून घरी येतो. तोच माणूस किनाऱ्यावर गेला की लाइटिंगची पाटी बघून हॉटेलात शिरतो आणि मेनूकार्ड न उघडता म्हणतो, "सुरमई थाळी."

ही गोष्ट त्याच माणसाची. म्हणजे आमचीच.

(दृश्य: रात्र. थायलंडमधल्या पट्टायाचा किनाऱ्यालगतचा रस्ता. दिवे, गर्दी, काचेच्या टाक्यांत हलणारे खेकडे.)

पट्टाया आमच्याकडं नवीन नाही. खताचे, सिमेंटचे, रंगाचे डीलर टार्गेट पूर्ण करून कंपनीच्या खर्चानं इथं येऊन गेलेत. परत आल्यावर ते बरंच काही सांगतात, आणि बरंच काही सांगत नाहीत. त्यात आपण पडायला नको. जेवणाचं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पंजाबी हॉटेल हाय की. डाळ-भात मिळतोय."

आम्ही पाचजण स्वतःच्या खर्चानं आलो होतो. त्यातला एक माळकरी. त्याला कशाला आणलं म्हणू नका, तिकीट स्वस्त मिळालं होतं.

पहिल्या रात्री डाळ-भातच झाला. दुसऱ्या रात्री म्हटलं, एवढ्या लांब येऊन मासा नाही खाल्ला तर रंकाळ्यावर काय सांगणार? मग जे हॉटेल सगळ्यात झगमगत होतं तिथं गेलो. दारात टाक्या, टाक्यांत जिवंत खेकडे, कोळंबी, मोठाले मासे. पाटीवर आकडे होते. आमच्यातला एकजण बाजार समितीत हिशेब लिहितो. तो म्हणाला, "स्वस्त हाय लेका, किलोला एवढंच?" आम्ही दोन खेकडे आणि एक मासा दाखवला. त्यांनी काट्यावर टाकला, काहीतरी लिहिलं, आम्ही मान हलवली.

बिल आल्यावर तो हिशेबवाला बराच वेळ गप्प बसला.

आकडा किलोचा नव्हता, शंभर ग्रॅमचा होता. थाई भाषेत शंभर ग्रॅमला एक शब्दच आहे, 'खीत'. बाजारात, हॉटेलात, जिवंत माशाच्या टाकीवर भाव बऱ्याचदा खीतचा लिहिलेला असतो. पाटीवर बारीक अक्षरात तसं होतंही, आम्ही मोठं अक्षर वाचलं. फसवलं म्हणायची सोय नव्हती, त्यामुळं राग आणखीच आला.

(दृश्य: सकाळ. दोन बाकड्यांची उघडी गाडी. पाचजण मागं बसलेत.)

या गाडीला सोंगथेव म्हणतात. सोंगथेव म्हणजे दोन रांगा: समोरासमोर दोन बाकडी, मागं उघडं, हात केला की थांबते. आपलं वडापच. फक्त इथं दाराला कुणी लोंबकळत नाही.

गाडी उत्तरेला चालली आहे, नाक्लुआला. पट्टाया हे 1960 च्या आसपासपर्यंत मासेमारीचं गाव होतं. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिक सुट्टीला इथं येऊ लागले आणि गावाचा धंदा बदलला. 1978 मध्ये त्याला वेगळा नागरी दर्जा मिळाला. पुढं होड्यांपेक्षा हॉटेलं वाढली. पण शेजारच्या नाक्लुआत मासळी बाजार अजून आहे, किनाऱ्याला लागून, लान पो नावाच्या बागेपाशी.

(दृश्य: लान पो. बर्फावर मांडलेले मासे. कोळशावर भाजणारी बाई. झाडाखाली चटईवर जेवणारी कुटुंबं.)

इथली पद्धत सरळ आहे. मासा बाजारात विकत घ्यायचा. शेजारी भट्ट्या लावून माणसं बसलेली असतात, त्यांना नेऊन द्यायचा. ते थोडे पैसे घेऊन भाजून नाहीतर वाफवून देतात. मग समुद्राकडं तोंड करून खायचं. फुकेटला गेलात तर रवाईच्या किनाऱ्यावर हीच रीत आहे, तिथं रस्त्याच्या एका बाजूला मासा आणि दुसऱ्या बाजूला चूल.

आणि इथं एकदम आमची नजर परत आली. कारण समोर मेनूकार्ड नव्हतं, मासा होता. कोल्हापूरच्या बाजारातली मावशी मला लहानपणापासून सांगत आलीय, "दादा, भाव मागनं विचार. आधी कल्ला उचल." कल्ला लालभडक पाहिजे, तपकिरी झाला की गेला. डोळा फुगीर आणि काळाभोर, आत बसलेला नको. बोटानं दाबलं की मांस वर यायला पाहिजे. खेकडा हातात घेऊन वजन बघायचं. दिसायला मोठा आणि हाताला हलका असेल तर आत भरलेला नाही. एवढं कळायला थाई भाषा लागत नाही.

भाषा लागली ती चार-पाच शब्दांपुरती. प्ला म्हणजे मासा, कुंग कोळंबी, पू खेकडा, मुक माकूल, आणि हॉय म्हणजे शिंपल्या. आमच्यातला एकजण प्रत्येक प्रश्नाला "होय, होय" म्हणत होता. शिंपल्यांच्या तीन बश्या आल्या.

(दृश्य: बांबूची छोटी गोल टोपली. त्यात मान वाकवून बसवलेले दोन मासे.)

हा 'प्ला थू'. थायलंडमध्ये गरिबाच्या घरात आणि श्रीमंताच्या घरात सारखाच शिजणारा मासा. टोपलीत मावावा म्हणून त्याची मान वाकवतात आणि टोपलीसकट शिजवतात. बघितल्याबरोबर आमच्यातल्या दोघांनी एकदम म्हटलं, "बांगडा!" चुकले नाहीत. शास्त्रज्ञांच्या वहीत आपला बांगडा आणि हा प्ला थू एकाच कुळीतले, रास्ट्रेलिगर. सख्खे नव्हे, चुलत. आपल्याकडं त्याला तिरफळ आणि सोलं लागतात, इथं मिरचीचं झणझणीत वाटण आणि उकडलेल्या भाज्या.

जिताड्याचंही तेच. अलिबागकडं पाहुण्याला जिताडा वाढला की पाहुणा मोठा समजायचा. तोच मासा इथं प्ला कपोंग म्हणून लिंबू, लसूण आणि हिरव्या मिरचीत वाफवून येतो. त्या रात्री काचेच्या टाकीतून आम्ही सोन्याच्या भावानं काढला तो हाच होता, हे नाक्लुआत कळलं.

विणीच्या दिवसांची सुट्टीही दोन्हीकडं आहे. आपल्याकडं 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद. इथं प्ला थूच्या विणीसाठी थायलंडच्या आखातातल्या प्रचुआप खिरी खान, चुम्फोन आणि सुरत थानी या प्रांतांच्या समुद्रात 15 फेब्रुवारी ते 15 मे बंधनं असतात. सुरत थानी हे नाव ओळखीचं वाटलं असेल, तर बरोबर वाटलं. 1915 मध्ये थायलंडच्या राजानं ते आपल्या सुरतेवरून ठेवलं, आणि तिथल्या नदीला तापी म्हणतात. असो. सांगायचं एवढंच की जुलैत मालवणला जाऊन 'ताजी सुरमई' मागणाऱ्याला जे मिळतं ते बहुतेक फ्रीजरमधलं असतं.

(दृश्य: गल्लीतला हातगाडा. मातीचा खल, लाकडी बत्ता. ठक्-ठक् आवाज.)

आता थाई जेवण. इथं कल्ला उचलून बघता येत नाही, मग पारख कशी करायची? आम्ही कानानं केली. ज्या गाड्यावर बत्त्याचा आवाज थांबत नाही, तिथं थांबलो. सोम ताम हा कच्च्या पपईचा प्रकार ऑर्डर आल्यावरच कुटतात: पपईचा कीस, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे, सुकी कोळंबी, लिंबू, ताडगूळ आणि नाम प्ला, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. आधी करून ठेवला तर त्याला पाणी सुटतं. म्हणून आवाज महत्त्वाचा. पाच-सहा पदार्थ करणारा गाडा बघायचा. फोटोंची दीडशे पानं असलेलं कार्ड दिसलं की आम्ही पुढं सरकायचो.

तिखटाचं मात्र आमचं गणित चुकलं. बाईनं विचारलं, "फेत?" म्हणजे तिखट चालेल का. आमचा एक पठ्ठ्या छाती पुढं काढून म्हणाला, "आम्ही कोल्हापूरचं हाय." तिला त्यातलं काही कळलं नाही, छाती तेवढी कळली. आपला तांबडा रस्सा भाजलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा, तेलात शिजलेला. तो हळूहळू चढतो, कपाळावर घाम आणतो. इथं कच्ची मिरची लिंबाच्या रसात जाते आणि जिभेवर थेट बसते. तिचं नाव प्रिक खी नू, शब्दशः उंदराच्या लेंडीची मिरची. आकारानं आपली लवंगी. पठ्ठ्यानं दोन घास खाल्ले आणि नंतर त्याला 'माय फेत', म्हणजे तिखट नको, हे एवढंच थाई आयुष्यभरासाठी पाठ झालं.

ज्या वाडग्यानं त्याला वाचवलं तो वाडगा मी विसरणार नाही. तोम खा. नारळाचं दूध, गवती चहा, लिंबाची पानं आणि 'खा', म्हणजे कुलिंजन, आल्याचा भाऊबंद. पांढरं, गरम, आंबूस. एकानं चमचा ठेवून वाडगाच तोंडाला लावला आणि म्हणाला, "पांढरा रस्सा हाय की रं!" नाही म्हटलं तर नाही. पांढऱ्यात मटणाचं अळणी पाणी, खसखस आणि खडा मसाला असतो, लिंबू नसतं. पण जाळ झालेल्या तोंडाला नारळाचं दूध द्यायचं, हे दोन्ही गावांना आपापलं सुचलेलं दिसतं.

(दृश्य: पिवळा झेंडा, त्यावर लाल अक्षर.)

राहिला माळकरी. नाम प्ला जवळजवळ सगळ्यात असतं, भाजीतसुद्धा, त्यामुळं 'व्हेज' म्हणून भागत नाही. त्याचा प्रश्न या पिवळ्या झेंड्यानं सोडवला. 'जे' म्हणतात त्याला. या दुकानात मासा नाही, अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आमचा माळकरी तिथं टोफू आणि भाजी-भात जेवला आणि म्हणाला, "एकादशीच्या आदल्या दिवशी चालेल असं हाय." सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात कमी पैशात तोच जेवला. हे तो अजून ऐकवतो.

(दृश्य: पुन्हा कोल्हापूरचा मासळी बाजार. सकाळचे आठ. मावशी कोयता पुसतेय.)

परत आल्यावर पहिल्या रविवारी बाजारात गेलो. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडा. पापलेटला 2023 मध्ये राज्यमासा केल्यापासून त्याचा तोरा आणखी वाढलाय, असं आपलं मला वाटतं.

मावशीला विचारलं, "आज काय आलंय?"

"पाटीवर हाय की."

"पाटीवरचं नव्हं. रातच्या गाडीनं काय आलंय?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग सुरमईवरचा बर्फ तसाच राहू दिला, खालचं खोकं पुढं ओढलं आणि एक बांगडा उचलून त्याचा कल्ला माझ्यासमोर उघडून धरला.

"किती देऊ?"