‘केडीएम’चा धूर कोणाच्या छातीत जातो?

मंडळी, दहा ग्रॅमच्या बावीस कॅरेट साखळीत सोनं ९.१६ ग्रॅम असतं. उरलेलं ०.८४ ग्रॅम काय आहे, ते पावतीवर नसतं. हॉलमार्कही सांगत नाही. तो सोन्याचा हिस्सा सांगतो: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, ‘२२के९१६’ आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि बीआयएस केअर ॲपवर तो पडताळता येतो. मात्र भेसळ तांब्याची आहे की निकेलची, हे त्यात येत नाही.

बहुतेक वेळा ती तांबं आणि चांदीचीच असते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चौदा कॅरेटची अंगठी घामाने बोटावर काळसर-हिरवी रेघ उमटवते, ती तांब्याची. साबणाने जाते. काळजीचे धातू दोन, कॅडमियम आणि निकेल, आणि त्यांची झळ लागते ती वेगवेगळ्या माणसांना.

आधी कॅडमियम. ‘केडीएम’ हे कॅडमियमचंच बाजारी नाव. दुकानाच्या पाटीवर ‘केडीएम ९१६’ वाचून तो शुद्धतेचा शिक्का असल्याची समजूत झाली. खरं तर तो डागाचा, म्हणजे दागिना झाळायच्या धातूचा प्रकार आहे.

जुना डाग साधारण ६० टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी असा असे. दहा ग्रॅमच्या साखळीत अर्धा ग्रॅम असा डाग गेला, तर सोनं भरतं ९ ग्रॅम. साखळी वितळवली की ९१६ ऐवजी ९०० निघतं, आणि मोडीत घट धरली जाते. यावर तोड म्हणून ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम असा डाग आला. तो दागिन्याच्या आधी वितळतो, सांध्यात चटकन धावतो, रंगही जुळतो. अर्धा ग्रॅम गेला तरी कस ९१६ वरच राहतो. गिऱ्हाईक खूश, सराफही खूश.

फुंकणीशी बसलेल्याचं काय? कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं. सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणजे ज्योत डागावर धरली की कॅडमियमचा काही भाग वाफ होऊन उडतो, हवेत त्याचा ऑक्साइड होतो आणि तो धूर नाकासमोर वीतभर अंतरावर असतो. त्या क्षणी फारसं काही जाणवत नाही, हीच फसगत. चार ते दहा तासांनी ताप, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी. माणूस फ्लू समजून क्रोसिन घेऊन झोपतो. जस्ताच्या धुराचा ताप दिवसा-दीड दिवसात उतरतो; कॅडमियमच्या धुराने मात्र एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, ‘कॅडमियमचा धूर घेतलाय.’ थोडा थोडा रोज घेतला तर तो मूत्रपिंडात साठतो आणि निम्मा बाहेर पडायलाही दहा ते तीस वर्षं जातात. कॅडमियम कर्करोगकारक ठरलेलं आहे. तंबाखूतही ते असतं, म्हणजे बाकावर बसून विडी ओढणारा दुहेरी भरणा करतो.

घालणारीच्या गळ्यात ते सोन्यात बांधलेलं असतं, अखंड कातडीतून फारसं आत जात नाही. मूल साखळी चोखत असेल, तर ती वेगळी गोष्ट. युरोपात दागिन्यातल्या कॅडमियमला ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे.

आता केडीएम बंद केलं तरी प्रश्न मिटत नाही. घरोघरची जुनी केडीएमची मोड अजून मुशीत पडतेच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभर छोट्या गाळ्यांत ती गाळतात. तोंडाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी, कारण धुराचे कण एका मायक्रॉनहून बारीक असतात. छताचा पंखा तो धूर खोलीभर पसरवतो. मुशीच्या मागून किंवा बाजूने ओढणारं हूड हवं. तोंडावरून वर खेचणारं नको, नाहीतर धूर आधी नाकाशी येतो. वर्षातून एकदा लघवीतलं कॅडमियम तपासावं. नव्या कामाला जस्त, इंडियम घातलेले बिनकॅडमियमचे डाग मिळतात. बारीक सांध्याला लेझर बरं.

निकेलची झळ मात्र घालणारीला. अठरा कॅरेट पांढऱ्या सोन्याच्या दहा ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम इतर धातू असतात, आणि पांढरेपणा निकेलने किंवा पॅलॅडियमने येतो. वरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजला की निकेल घामात उतरतं. खाज, पुरळ लगेच उठत नाही, दिवसा-दोन दिवसांनी उठते. एकदा शरीराने निकेलशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर टिकतं. ‘तिला सोनं सोसत नाही’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा दोषी कुडीची फिरकी असते, किंवा ‘एक ग्रॅम’च्या मुलाम्याखालचा निकेलचा थर. बाळाचे कान टोचताना सोनार बावीस कॅरेटची तार घालतो, ते योग्यच, कारण ताजी जखम निकेलला सताड उघडी असते.

घरी तपासायला डायमिथिलग्लायॉक्झिम आणि अमोनिया लागतात. दोन्हींचे दोन-दोन थेंब कापसाच्या काडीवर घेऊन दागिन्याच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट घासा. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. मुलामा शाबूत असेल तर खोटा दिलासा मिळतो, म्हणून झिजलेली जागा आणि फिरकी घासा. पुरळाची खात्री त्वचारोगतज्ज्ञाच्या पॅच टेस्टने होते. नवं पांढरं सोनं घेताना ‘पॅलॅडियमचं’ असं पावतीवर लिहून घ्या.

सोन्यात भेसळ म्हणून घालतात त्या इरिडियमबद्दल नेहमी विचारतात. ते अंगाला बाधत नाही, खिशाला बाधतं. २४४६ अंशांना वितळणारी ही पूड सोन्यात विरघळतच नाही, कणांनी राहते. तार ओढताना तुटते, पॉलिशवर ओरखडे येतात. घनता सोन्याहून जास्त, त्यामुळे पाण्यातल्या वजनाने पकडता येत नाही. आगीच्या कसातही, म्हणजे भट्टीत वितळवून केलेल्या तपासणीतही, नत्राम्लात न विरघळता ती सोन्याबरोबरच तोलली जाते. अम्लराजात, म्हणजे नत्राम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, टाकली तर मात्र सोनं विरघळतं आणि तळाशी काळी पूड राहते. ती गाळून, वाळवून तोला.